छिबुकाकांच्या नावेतली रजा

थंडी पडली की सुरतेत पोंक येतो आणि माझा डावा पाय दुखायला लागतो. दोघं बरोबरच येतात, ठरवून आल्यासारखे. नदीकाठी भट्ट्या पेटतात, ज्वारीची कोवळी कणसं राखेत भाजून कापडात झोडपतात, आणि ते हिरवे ओलसर दाणे शेवेबरोबर पुड्यात बांधून मिळतात. परवा मुलगा पुडा घेऊन आला. मी पलंगावर पाय लांब करून बसले होते. घोट्यापाशी कळ येत होती. तो म्हणाला, "आई, या वर्षी तुला क्रूझवर नेणार. मोठं जहाज. काही करायचं नाही, नुसतं बसायचं, खायचं, समुद्र बघायचा."

"मी जाऊन आलेय," मी म्हटलं.

तो हसला. त्याला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. त्याचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, तर त्याला काय ठाऊक असणार? शिवाय आमच्या जहाजाला मजले नव्हते. शीड होतं, ठिगळ लावलेलं, आणि तळाशी गुडघाभर गवत.

साठचं दशक सरत आलं होतं. आम्ही खानदेशातून येऊन इथे बस्तान बसवलेलं. हे मागाच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करत फिरायचं. मी सकाळच्या पाळीत मराठी शाळेत शिकवत असे. शाळा सुटली की नळाची रांग, मग भाकरी, मग धुणं, मग दोन्ही मुलींचा अभ्यास, आणि हात मोकळे झालेच तर घरी आणलेल्या बॉबिना भरायच्या. गल्लीत दोन्ही बाजूंना माग. दिवसरात्र खटाखट. आम्ही त्या आवाजातच झोपायचो, त्यातच ओरडून बोलायचो. दुपारी भाकरी थापता थापता माझे डोळे मिटत आणि हात मात्र चालू राहत. भाकरी बिघडत नसे. कुणाला कळतही नसे की ही आत्ता इथे नव्हती.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणे. अंगाने वाळलेल्या, बोलायला तिखट. त्या पहाटे कधी उठत ते मी एकदाही पाहिलं नाही, कारण मी उठायच्या आधी त्या उठलेल्या असत. दिवसा आडव्या झालेल्याही कधी पाहिल्या नाहीत. तापातसुद्धा भिंतीला टेकून तांदूळ निवडायच्या. बसलेली बाई म्हणजे त्यांच्या लेखी एकतर आजारी, नाहीतर आळशी, आणि आजाराबद्दलही त्यांना संशयच असे.

मागावर सुताचा जो भलामोठा रूळ चढवतात त्याला बीम म्हणतात. लोखंडी, दोन्ही टोकांना ताटाएवढ्या चकत्या. हातगाडीवरून गल्लीत ते यायचे, आणि गल्ली एवढीशी की गाडी आली की माणसांनी भिंतीला चिकटायचं. त्या दिवशी मी शाळेतून येत होते. चिकटले. गाडीचं चाक गटाराच्या दगडावरून घसरलं, वरचा बीम सुटला आणि माझ्या डाव्या पावलावर आला. आवाज कसा झाला ते मला आठवत नाही. मागांच्या खटाखटीत तो कुणाला ऐकूच गेला नसणार. मी खाली बसले आणि पहिला विचार आला तो असा: चला, बसायला मिळालं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं तरी काय त्यात?

पावलाची हाडं मोडली होती. डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि सांगितलं, पाय जमिनीला लावायचा नाही. घरी आणून यांनी मला कॉटवर बसवलं. आत्याबाई दारात उभ्या राहून त्या पांढऱ्या पायाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आते भाकरी कोन टाकी?"

प्रश्न रास्तच होता. मी कॉटवर बसून भाकरीचं पीठ मळलं, भाजी चिरली, मुलींच्या वेण्या घातल्या. तोवर ठीक होतं. पण दूध उतू जायला लागलं की अंग आपोआप उठतं. धाकटी जिन्यात पडली की उठतं. नळ आल्याची ओरड झाली की उठतंच. मला कुणी उठ म्हणत नव्हतं. मीच उठत होते, भिंत धरून, एका पायावर लंगडी घालत, आणि मग कंटाळून दोन्ही पायांवर. एक दिवस प्लास्टर टाचेपाशी तडकलं. आतून ओलं झालं, फुगलं. डॉक्टर अतिशय चिडले. मला न बोलता यांना बोलले: "हाड सरकायला लागलंय. आता परत हललं तर वाकडं जुळेल. मग या जन्मभर फरफटत चालतील. वर्गात उभ्या कशा राहणार?" दुसरं प्लास्टर घालताना मी छताकडे बघत होते. नोकरी गेली तर काय, ही भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती घरी परत जायची होती, कारण मला ठाऊक होतं की मी पुन्हा उठणार.

आमच्या चाळीत डाहीबेन मासळी विकायला येत. माछी समाजातल्या, उंच, टोपली डोक्यावर ठेवून हात न लावता जिना चढणाऱ्या. टोपली रिकामी झाली की आमच्या पायरीवर टेकत. आत्याबाईंना गुजराती येत नव्हती, डाहीबेनना अहिराणी कळत नव्हती, आणि दोघींच्या गप्पा तासन्‌तास चालत. त्या दिवशी मी आतून ऐकत होते. डाहीबेननी विचारलं, "वहूनो पग केम छे?" आणि आत्याबाई, ज्यांनी माझ्याशी पायाबद्दल एक शब्द काढला नव्हता, त्या म्हणाल्या, "ही घरमा ऱ्हायनी ते उठनारच. हिले पानीवर बसाडा, मंग देखू कथी जास ते!"

पाण्यावर बसवा, मग कुठे जाते बघू, हे त्यांनी वैतागून म्हटलं असणार. पण डाहीबेनच्या नवऱ्याची, छिबुकाकांची, नाव होती. ओहोटीबरोबर ते तापीतून खाली खाडीकडच्या गावांना जात आणि भरतीच्या पाण्याबरोबर गवताचे भारे, भाजी, लाकूडफाटा घेऊन ओवाऱ्याला परत येत. ओवारा म्हणजे इथला घाट. जाताना नाव रिकामीच असे. डाहीबेननी ते बोलणं गंभीरपणे घेतलं आणि नाव देऊ केली. रात्रीच्या जेवणाला हे आले तेव्हा आत्याबाईंनी त्यांना मला नावेत बसवायचं फर्मान सोडलं, आणि हे आईपुढे कधी बोलले नाहीत ते त्या दिवशी तरी कशाला बोलतील?

मला ओवाऱ्यापर्यंत न्यायला हातगाडी आली. बीम आणणारीच. वर गोधडी अंथरलेली, त्यावर मी, प्लास्टरचा पाय पुढे तोफेसारखा. गल्लीतल्या बाया दारात आल्या. "मास्तरीण हवा खायले चालनी वं!" कुणीतरी ओरडलं आणि सगळ्या हसल्या. मी पदराने तोंड झाकून घेतलं. मागे आत्याबाई चालत होत्या, हातात भाकरीची फडकी आणि दुसऱ्या हातात तांदळाची पिशवी. बाईमाणसाला एकटीला कसं पाठवायचं, म्हणून त्या आल्या होत्या. आणि रिकामे हात घेऊन कसं बसायचं, म्हणून निवडायचे तांदूळ.

छिबुकाकांनी मला गवतावर उतरवलं, पाय एका पोत्यावर उंच ठेवला आणि म्हणाले, "बेन, हवे तमारे कई करवानु नी. बेही रेवानु."

काही करायचं नाही, बसून राहायचं. हे वाक्य माझ्याशी आयुष्यात कुणी पहिल्यांदाच बोललं होतं.

नाव निघाली. पुलाखालून गेलो, धुणं धुणाऱ्या बाया मागे पडल्या, किल्ल्याच्या भिंती, गिरण्यांची धुराडी, मग नुसते चिखलाचे काठ आणि झुडपं. डांबराचा आणि ओल्या दोराचा वास. बऱ्याच वेळाने मला जाणवलं की काहीतरी चुकतंय. मागांचा आवाज नव्हता. कान मात्र अजून तो आवाज काढत होते, आतल्या आत. नाव पार वळणाच्या पलीकडे गेली तेव्हा तो थांबला, आणि मला एकदम रडू आलं. दुःख वगैरे काही नव्हतं. दमलेली होते, एवढंच. इतकी दमलेली होते हे मला तोवर माहीतच नव्हतं. आत्याबाईंनी तांदळातून डोकं वर केलं, पाहिलं, आणि पुन्हा खडे वेचायला लागल्या.

त्या दिवशी पाणी पार उतरलं तेव्हा आम्ही खालच्या गावाशी होतो. आत्याबाईंनी फडक्यातून नारळ काढला, खण, तांदूळ, हळदकुंकू. मला न सांगताच त्यांनी तापीला नवस बोलला होता: सुनेचा पाय सरळ जुळू दे, मी तुझी ओटी भरीन. त्या बोलून थांबणाऱ्यांतल्या नव्हत्या, ओटी आधीच भरायला निघाल्या. नावेच्या कडेला ओणव्या होऊन त्यांनी ती पाण्यात सोडली, कपाळाला हात लावला. नारळ खणासकट तरंगत थोडा लांब गेला.

भारे चढवून होईतो पाणी भरायला लागलं. आम्ही परतीला लागलो. आणि थोड्या वेळाने आत्याबाई एकदम ताठ झाल्या. नावेच्या मागे, थोडा बाजूला, नारळ येत होता. खण त्याला गुंडाळलेला. नाव थांबली की तो थांबल्यासारखा दिसे, नाव चालली की चाले.

"मायनी मनी ओटी परत धाडी," त्या म्हणाल्या. आवाज एवढासा झाला होता.

आमच्या खानदेशात तापी एकाच बाजूला वाहते. वरून खाली. दिलेलं घेऊन जाते, परत आणत नाही. आत्याबाईंना इथे येऊन वर्षं झाली होती, पण नदीकाठी उभं राहून पाणी कुठे चाललंय हे बघायला त्यांना कधी सवड झाली होती? त्यांच्या दृष्टीने तापीने ओटी नाकारली होती. त्या सरकत सरकत माझ्यापाशी आल्या आणि प्लास्टरवर दोन्ही हात दाबून धरले. "पाय हालावू नको वं पोरी. बिलकुल हालावू नको." त्या बाईला माझी काळजी आहे हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी, चिखलाच्या पाण्यात, असं कळलं.

छिबुकाका सुकाणूवरून हसले. "गभराता नी, माजी. ए तो भरती छे. दरियो पाणीने पाछु धकेले." मी त्यांना अहिराणीत समजावलं: समुद्र पाणी वर ढकलतो, रोज दोनदा, पुन्हा खाली जातं. नारळही जाईल. त्यांचा विश्वास बसला नाही. ओवारा येईपर्यंत त्या नारळाकडे बघत राहिल्या. मग अंधारून आलं आणि तो दिसेनासा झाला.

दुसऱ्या खेपेला त्या पुन्हा आल्या. मला वाटलं होतं, यायच्या नाहीत. तांदळाची पिशवी होती, पण ती त्यांनी उघडली नाही. भरती सुरू होईपर्यंत पाण्याकडे बघत बसल्या. पाण्यावर एक काटकी होती, ती आधी खाली चालली होती, मग जागच्या जागी फिरली, मग उलटी निघाली. आत्याबाईंनी ते सगळं पाहिलं. मग म्हणाल्या, "रोज माहेर जास वं ती. दिनमा दोनदा."

त्यांचं माहेर वर, तापीच्या काठी. आई गेल्यापासून त्या तिकडे गेल्या नव्हत्या. का, तर सवड नाही. सण आले, बाळंतपणं आली, शिमगा आला, आणि प्रत्येक वेळी पुढच्या वर्षी. त्या दिवशी त्यांनी मला त्यांच्या घरामागचं चिंचेचं झाड सांगितलं, तिथे नदीला उतरायची पायवाट सांगितली, आणि पावसाळ्यात पाणी पार कुंपणाला लागायचं तेव्हा सगळी भावंडं मिळून त्यात कशी पाय बुडवून बसायची तेही. बसायची! आत्याबाई! मी ऐकत होते. मागांच्या आवाजात या गोष्टी सांगता आल्या नसत्या. ओरडून सांगायच्या गोष्टी नव्हत्या त्या.

मग ते आमचं रोजचं झालं, म्हणजे पाण्याची वेळ जुळेल त्या दिवशी. थंडीचे दिवस, ऊन अंगावर घ्यावंसं वाटणारं. काठावरच्या शेतांतून पोंक भाजल्याचा धूर यायचा. छिबुकाका एखाद्या शेताशी नाव लावून ओंजळी भरून दाणे आणत. आत्याबाईंनी पहिल्यांदा तोंडात टाकले आणि हरखल्या. "हाऊ ते आपलाच हुरडा शे!" परमुलखात गाववाला भेटावा तसा त्यांना आनंद झाला. मग आम्ही तिघं ते दाणे, भाकरी आणि ठेचा खात बसायचो. छिबुकाकांना ठेचा झेपत नसे, डोळ्यांतून पाणी यायचं, तरी मागून घ्यायचे.

मला मात्र लगेच सुख लागलं असं नाही. क्रूझ म्हणे! सुरुवातीचे दिवस मी मनाने घरीच होते. नळ आला असेल. धाकटीने डबा खाल्ला असेल का? दूध कुणी तापवलं? अंग सारखं उठायला बघे आणि उठून जायला जागा नसे. चहूकडे पाणी. विश्रांतीसुद्धा शिकावी लागते आणि त्या वयात नवीन काही शिकायचा मला कंटाळा आला होता. घरी परत आल्यावर बघावं तर सगळं ठीक. शेजारच्या वहिनींनी मुलींना जेवायला घातलेलं, यांनी भात लावलेला, थोडा करपलेला. माझ्यावाचून घर चाललं होतं. याचा मला राग आला, आणि मग त्या रागाचंच हसू आलं.

हाड सरळ जुळलं, ते एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल. फरफटत चालणारी बाई वर्गात इतकी वर्षं उभी राहिली नसती. आत्याबाई सगळं श्रेय तापीला देत. मी डॉक्टरांना देई. खरं म्हणजे ते गवताला द्यायला हवं. आता त्या नाहीत, छिबुकाका नाहीत, नदीवर भिंती झाल्या आणि नावा गेल्या. आज मी आत्याबाईंच्या तेव्हाच्या वयाहून मोठी आहे. पलंगावर पाय लांब करून बसते तेव्हा मला कुणी बोलत नाही, बसायला सगळा दिवस मोकळा असतो. आणि तरी दमायला होतं. हा थकवा तेव्हाचाच असावा, इतक्या वर्षांत निघाला नाही.

शेवटच्या दिवसाचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी प्लास्टर कापायचं होतं. म्हणजे पुन्हा शाळा, नळ, बॉबिना. हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. परतीला भारे कमी होते, नाव हलकी होती, वारा मागून होता. ऊन कलायला लागलं. मी झुडपांकडे बघत होते. मागे वळले तर आत्याबाई झोपलेल्या.

टेकून वगैरे नाही. गवतावर चक्क आडव्या, एक हात डोक्याखाली, तोंड थोडं उघडं. दुसरा हात बाजूला पडलेला. त्या हातात काहीही नव्हतं. तांदूळ नव्हते, सुई नव्हती, पदराचं टोकही नव्हतं. मी त्या हाताकडे बघत राहिले. असा रिकामा, उताणा हात मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. चेहऱ्यावरचा तिखटपणा कुठेतरी गेला होता, आणि एक थकलेली, वाळकी, कुणाचीतरी मुलगी तिथे निजली होती. माझं मन इतकं भरून आलं की मी छिबुकाकांकडे बघायचंही टाळलं.

पूल आला. शहराचा धूर दिसायला लागला, पाठोपाठ मागांचा आवाज. मला वाटलं आता त्या जागणार, पण नाही. ओवाऱ्यावर हे हातगाडी घेऊन उभे होते. छिबुकाकांनी दोर फेकला, यांनी तो झेलला आणि खुंट्याला बांधला. नाव पायरीला हलकेच लागली. हे आईला हाक मारायला तोंड उघडणार, तोच मी ओठांवर बोट ठेवलं. हे तसेच उभे राहिले, दोर हातात धरून. छिबुकाका सुकाणूवर बसून राहिले. कुणी हललं नाही.

पण वर्षानुवर्षांची सावध झोपेची सवय, नाव थांबलेली अंगाला कळलीच. आत्याबाईंनी डोळे न उघडता विचारलं, "ओवारा उना का वं?"

"नाही, आत्याबाई," मी म्हटलं. "अजून लांब आहे."

त्या कूस बदलून पुन्हा झोपल्या.